यात कोण न्हाय?

ओव्हाळ साहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांनी एका माणसाची मान धरून त्याचं तोंड टेबलावर दाबून ठेवलेलं होतं. माणूस पुण्याचा, टाय घातलेला. आमच्या साखर कारखान्याला कॉम्प्युटर देणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर. मी नेमणुकीचं पत्र घेऊन दारात उभी. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मोकळ्या हातानं खुर्ची दाखवली, आणि पुन्हा खाली वाकून हलक्या आवाजात त्याला विचारलं, "तीन म्हणजे काय?"

फाईल बघून सांगतो, असं काहीतरी तो टेबलाच्या लाकडात पुटपुटला.

"बघून न्हाय. एक म्हणजे चालू सभासद. दोन म्हणजे राजीनामा दिलेला. तीन म्हणजे काय?"

ते त्याला आठवत नव्हतं, आणि तो आकडा त्यानंच टाकलेला होता.

बाहेर बाकावर माकणीकडचं एक जोडपं बसलेलं होतं. नवऱ्याच्या हातात कारखान्याचं छापील पत्र. चेअरमनच्या सहीनं त्याच्या बायकोला शोकसंदेश गेला होता, की आपले पती आणि कारखान्याचे ज्येष्ठ सभासद यांच्या निधनानं आम्हांला अतीव दुःख झालं आहे. तो मयत माणूस स्वतःच फेटा बांधून एसटीनं आला होता. पत्र गावात पोचलं त्या दिवशी तो बाजाराला गेलेला. पोस्टमननं पत्र वाचून दाखवलं, आळीतल्या बायका जमल्या, आणि रडून दमल्यावर एका म्हातारीनं दगड घेऊन त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या. काच मनगटात शिरली होती. त्या हाताला तिनं लुगड्याची चिंधी बांधली होती आणि ती बाकावर बसून सबंध कारखान्याला शिव्या देत होती.

झालं होतं ते साधंच. मशीनमधल्या सभासदांच्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, एक रकाना होता. ज्यांची माहिती मिळाली नाही अशा सभासदांपुढं इंजिनिअरनं तीन टाकलं. कंपनीच्या दुसऱ्या माणसानं पत्रं छापण्याचा प्रोग्रॅम लिहिला. त्यानं तीन म्हणजे मयत असं धरलं. तीन म्हणजे काय, हे दोघांपैकी कोणीच कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं.

मान सोडल्यावर साहेबांनी शिपायाला हाक मारून दोन चहा मागवले. एक स्वतःला, एक इंजिनिअरला. मारून झालं की चहा मागवायचा ही त्यांची रीत मला पुढं पाठ झाली. त्या चहात दिलगिरी नसायची. त्यांच्या लेखी मारणं हा कामाचा एक भाग होता आणि काम झाल्यावर चहा होतो, इतकंच.

मी तुळजापूरची. वडील शाळामास्तर, घरात पूजाअर्चा, मोठ्या आवाजात बोललेलंसुद्धा चालत नसे. कारखान्याच्या कॉलनीत मामा राहायचा, त्याच्या ओळखीनं मला ऑपरेटरची नोकरी लागली. पहिल्या दिवशी संध्याकाळी मी मामाला म्हणाले की मी उद्या जाणार नाही. मामा म्हणाला, जा, तो बायकांवर हात टाकत नाही.

ओव्हाळ साहेब उंचीला बेताचे, पण रुंद. मान नव्हतीच म्हणावं, खांद्यांवर थेट डोकं बसवल्यासारखं. बी.एस्सी. झाल्यावर लष्करात गेले, तिथं स्टोअरला होते. मग पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत, आणि तिथून आमच्याकडे, कॉम्प्युटर विभागाचे साहेब म्हणून. सतत उभे. जेवतानाही खिडकीशी उभं राहून डाव्या तळहातावर भाकरी आणि तिच्यावर ठेचा. हिशेबनीस मंडळी त्यांच्याशी नीट बोलायची, पण डबा खायला बोलवायची नाहीत. ते बौद्ध, आणि हे नोकरीच्या अर्जापासून सगळ्यांना माहीत. साहेब स्वतःच कोणाची ओळख झाली की आधी नाव, मग गावाकडचं, मग जात असं एका दमात सांगून टाकायचे आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचे.

कागद ही त्यांची खरी नोकरी. मशीनमध्ये टेबलं होती: सभासद, प्लॉट, गाव, वाहन, तोडणीच्या टोळ्या. टेबल म्हणजे नुसत्या ओळी आणि रकाने, आणि मशीनला इंग्रजीशिवाय काही कळत नसे. साहेबांनी प्रत्येक टेबलाचा एक फुलस्केप कागद केला, शाईच्या पेनानं, मराठीत, आणि खोलीच्या भिंतीवर लावला. या टेबलात एक ओळ म्हणजे काय. कुठल्या रकान्यात काय भरायचं. ओळ कोणाच्या सहीनं येते, कोणाच्या सहीनं जाते. टेबलावरून जो व्ह्यू केलेला असेल त्याचा कागद टेबलाच्या कागदाखाली टाचणीनं लावलेला. व्ह्यू म्हणजे काय हे मला समजेना. साहेब म्हणाले, टेबल हे पोतं आणि व्ह्यू म्हणजे चाळणीतून पडलेलं. खालचं धान्य बघणाऱ्याला वाटतं, पोत्यात एवढंच होतं. म्हणून चाळणी कोणी विणली आणि तिची भोकं केवढी, ते लिहून ठेवायचं.

आणि प्रत्येक कागदाच्या शेवटी एक मथळा होता जो पुण्याच्या कंपनीच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. कोण नाही.

यात कोण न्हाय, हे ते सगळीकडेच विचारायचे. लग्नाची पत्रिका आली तरी. एकदा गळीत हंगामाच्या शेवटी ऑफिसच्या स्टाफचा फोटो काढायचा ठरला. एमडी साहेब मधे, बाकीचे रांगेनं. फोटोग्राफर काळ्या कापडात शिरला तेवढ्यात साहेब रांगेतून बाहेर आले आणि यात कोण न्हाय म्हणाले. संडास साफ करणारी दोन माणसं गोदामाच्या आडोशाला उभी राहून बघत होती. साहेब त्यांना दंडाला धरून घेऊन आले. त्यातला एक यायला तयार नव्हता, लाजून मागं ओढत होता, तर साहेबांनी त्याला असा हिसडा दिला की त्याच्या सदऱ्याची बाही फाटली. फोटोत तो फाटक्या बाहीनं उभा आहे आणि त्याचा चेहरा रडवेला आहे. त्याला विचारलं असतं तर त्यानं फोटोत नसणंच पसंत केलं असतं, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

साहेब चांगले होते असं मी म्हणत नाही. लक्ष्मण नावाचा आमचा शिपाई होता. त्यानं एकदा साहेबांचा एक कागद रद्दीतला समजून त्यात भजी बांधून आणली. साहेबांनी पुडी उघडली, आपलं अक्षर ओळखलं, आणि लक्ष्मणाच्या कानशिलात इतक्या जोरात दिली की तो फाईलच्या कपाटावर जाऊन आपटला. कागद खरंच रद्दीतला होता; नवा लिहून झाल्यावर साहेबांनीच तो टाकून दिला होता. मी त्यांना ते दाखवलं. चहा मागवायला शिपाईच नव्हता, तो रडत घरी गेलेला. पुढं कितीतरी दिवस लक्ष्मणाला त्या कानानं कमी ऐकू यायचं. साहेबांना माफी मागता येत नसे. त्यांनी लक्ष्मणाच्या मुलीचं नाव शाळेत घालायला स्वतः खेटे घातले, पण तोंडानं एक शब्द काढला नाही.

त्यांच्या घराची हकीकत त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही टेबलाबद्दल बोलताना. अठ्ठ्याहत्तर साली मराठवाड्यात गावोगाव जाळपोळ झाली तेव्हा त्यांचं घर गेलं. तेरच्या पलीकडचं खेडं. त्याचं नाव ते घेत नसत. वडील दाराशी आडवे झाले तर कोणीतरी कुऱ्हाडीचा दांडा डोक्यात घातला. ते त्यातच गेले. साहेब लष्करातून रजेवर आले तेव्हा भिंती काळ्या उभ्या होत्या. पंचनामा करायला आलेल्या तलाठ्यानं रजिस्टर उघडून सांगितलं की इथं घरांची नोंद नाही, गावठाणाची हद्द अलीकडेच संपते. जे घर कागदात नाही ते जळालं असं मी कसं लिहू.

साहेबांनी तिथंच पडलेला जळका वासा उचलून तलाठ्याचा हात मोडला. कोपरापाशी. त्यासाठी ते तुरुंगात गेले आणि लष्करातली नोकरी गेली.

"त्याची चूक नव्हती," ते म्हणाले. "रजिस्टर त्यानं केलं नव्हतं. पण माझ्यापुढं हात त्याचाच होता."

हे सांगताना त्यांनी आवाज चढवला नाही. सांगून झाल्यावर मला म्हणाले, सुनंदाबाई, प्लॉट टेबलाचा सातवा रकाना वाचा.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात पाण्याचं दुसरं वाईट वर्ष चाललेलं होतं. ऊस उभ्या जागी वाळला, हंगाम अर्ध्यात आटपला. तेरणेच्या पात्रात माणसं झरे उकरत होती. कारखान्याच्या विहिरींना तेवढं पाणी टिकून होतं. संचालक मंडळानं ठराव केला की कारखान्याच्या टँकरनं गावांना पाणी द्यायचं. काम चेअरमनच्या पुतण्याकडे, बापूसाहेबांकडे. बापूसाहेब तरणा गडी, पांढरा सफारी घालायचा, बोलताना हातातल्या जीपच्या किल्ल्या गरगर फिरवायचा. तो आमच्या खोलीत आला आणि म्हणाला की मशीनमधून यादी काढा, ज्या गावात आपला सभासद आहे ते गाव घ्या.

साहेबांनी व्ह्यू केला. गाव टेबलाला सभासद टेबल जोडलं, जिथं जोड लागली ती गावं खाली पडली. मग नेहमीप्रमाणे त्याचा कागद लिहिला. कोण नाही या मथळ्याखाली त्यांनी लिहिलं: ज्या गावात एकही सभासद नाही ती गावं. आणि सगळे लमाणांचे तांडे, कारण गाव टेबलात तांड्यांना ओळच नाही. तांडा शेजारच्या गावात धरला आहे, आणि गावात आलेलं पाणी तांड्याला मिळेल असं गृहीत धरलं आहे.

तो कागद घेऊन ते एमडी साहेबांकडे गेले. एमडी म्हणाले की बघू. चेअरमनकडे गेले. चेअरमन वाईट बोलले नाहीत; कारखाना सभासदांचा आहे, आधी त्यांची तहान, उरलं तर बाकीचं बघू, असं त्यांचं म्हणणं. तांड्यावरची माणसं हंगामात आमचाच ऊस तोडायची, पण सभासद त्यांच्यातलं कोणी नव्हतं. उरलेला रस्ता एकच होता. गाव टेबलात तांड्यांच्या ओळी घालायच्या आणि प्रत्येक ओळ शेजारच्या गावाच्या सभासदांशी जोडायची, म्हणजे तांडाही यादीत पडेल. ओळ घालायला शेतकी अधिकाऱ्याची सही लागते, असं साहेबांनी स्वतःच त्या टेबलाच्या कागदावर लिहिलेलं होतं. शेतकी अधिकारी सही देईना. आज मीटिंग, उद्या दौरा.

मी म्हणाले, साहेब, आपण घालून टाकू या. मशीनला कुठं कळतंय.

ते माझ्यावर खेकसले. आज तुम्ही चांगल्यासाठी घालाल, उद्या बापूसाहेब कशासाठी घालेल, असं म्हणाले. आणि पुन्हा शेतकी अधिकाऱ्याच्या दारात जाऊन उभे राहिले. नियम त्यांचाच होता आणि तो मोडायला ते तयार नव्हते. त्या आठवड्यात त्यांनी कोणाला मारलं नाही. कदाचित शेतकी अधिकाऱ्याला मारायला हवं होतं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. टँकरच्या क्लीनरनं सांगितलं ते सांगते. टँकर पलीकडच्या गावाला जाताना रोज तांड्यावरून जायचा. गावातल्या हौदावर तांड्याच्या बायकांना उभं राहू देत नव्हते, घागरी लाथेनं उडवत होते. म्हणून त्या दिवशी तांड्यानं रस्त्यात बाभळीचं खोड टाकून टँकर अडवला. टँकरवर बापूसाहेबाची दोन माणसं काठ्या घेऊन बसलेली असायची. त्यांनी खाली उतरून काठ्या चालवल्या. एका म्हाताऱ्याचं कपाळ फुटलं. त्या गोंधळात सोनाबाई नावाची बाई मागं तोटीपाशी गेली आणि चावी फिरवून घागर धरून बसली. पाणी सुटलेलं बघून काठीवाले ओरडले, घाबरलेल्या ड्रायव्हरनं गाडी मागं घेतली. सोनाबाई चाकाखाली गेली. घागरसुद्धा.

तांड्यानं ड्रायव्हरला खाली ओढून दगडांनी मारलं. तो जगला, पण त्याचा एक डोळा गेला. काठीवाले पळाले. मग टँकर तिथंच सोडून तांड्यातली माणसं ऊस तोडायचे कोयते घेऊन कारखान्याकडे निघाली.

दुपारचं ऊन होतं. फाटक तोडल्याचा आवाज आम्हांला आत आला. ती माणसं आधी बापूसाहेबाच्या खोलीवर गेली. बापूसाहेब आतून कडी लावून बसलेला. त्यानं खिडकीतून हात बाहेर काढून आमच्या खोलीकडे दाखवलं. यादी मी केली नाही, कॉम्प्युटरनं केली, त्या एसीच्या थंड खोलीत जाऊन विचारा, म्हणाला.

साहेबांनी मला टेपांच्या कपाटामागं उभं केलं आणि बाहेर येऊ नका म्हणाले. मग स्वतः जाऊन दार उघडलं. पुढं सोनाबाईचा नवरा होता, गोविंद राठोड. सदरा रक्तानं भिजलेला. ते त्याचं रक्त नव्हतं. त्याला मी ओळखत होते, हंगामात टोळीच्या चिठ्ठ्या न्यायला यायचा, फार हळू बोलायचा. त्या दिवशीही हळूच बोलला. यादी कोणी काढली, म्हणाला.

"म्या काढली," साहेब म्हणाले.

मला वाटलं, आता ते सांगतील. ठरावाचं सांगतील, चेअरमनचं सांगतील. समोर भिंतीवर कागद होता, बोट दाखवून वाचून दाखवतील.

"मशीन काय बी करत न्हाय. हुकूम वरनं आला, यादी म्या केली. तुमचा तांडा तिच्यात न्हाय हे मला ठाऊक होतं. म्या लिहून ठिवलं. पर घातला न्हाय."

"ठाऊक होतं?"

"व्हय."

साहेबांचा उजवा हात दाराच्या चौकटीवर होता. गोविंदाचा कोयता तिथंच बसला. दोन बोटं खाली फरशीवर पडली आणि तिसरं कातड्याला लोंबत राहिलं. साहेब ओरडले नाहीत, मी ओरडले. त्यांनी हात छातीशी धरला आणि दारातून बाजूला झाले. ज्यानं कधी कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं, तो माणूस बाजूला झाला आणि त्यानं तांड्याच्या माणसांना आत येऊ दिलं. त्यांनी मशीन फोडलं. टर्मिनलचे पडदे फोडले, छपाईच्या यंत्रावर दगड घातला, भिंतीवरचे कागद ओढून काढले. माझ्याकडे कोणी आलं नाही. गोविंद फोडत नव्हता. फरशीवरच्या बोटांकडे बघत उभा होता.

तोवर बापूसाहेबाची माणसं जमली. मिलमधून लोखंडी गज आणले होते. कोयतेवाले थोडे, हे पुष्कळ, आणि मागून पोलिसांच्या लाठ्या. तांड्याची माणसं पळाली. गोविंद पळाला नाही. त्याला वजनकाट्याजवळ खाली पाडून गजांनी मारायला लागले. पायाचं हाड मोडल्याचा आवाज मी खिडकीतून ऐकला, वाळलेला ऊस मोडतो तसा.

साहेबांनी टर्मिनलवरचं धुळीचं कापड हाताला गुंडाळलं आणि बाहेर गेले. मी त्यांना धरलं होतं. त्यांनी मला झटकलं. उसाच्या गाडीला बांधायची साखळी काट्यापाशी पडलेली असते, ती त्यांनी डाव्या हातात घेतली. पहिला फटका बापूसाहेबाच्या तोंडावर बसला. पांढऱ्या सफारीवर दात पडले. मग साहेब गोविंदाच्या अंगावर दोन्हीकडे पाय टाकून उभे राहिले आणि ती साखळी डोक्यावरून फिरवायला लागले. जो जवळ येईल त्याला लागत होती. त्यांना गज बसत होते, पाठीत, मांडीत. हाताचं कापड लाल झालेलं आणि तोंडातून एकसारख्या शिव्या. मी माणसाला इतकं भयंकर झालेलं कधी पाहिलं नाही. पोलिसांनी त्यांना मागून लाठीनं पाडलं तेव्हा ते गोविंदाच्या अंगावरच पडले आणि दोघांना तसंच एका ट्रॉलीत घालून उस्मानाबादला दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात फौजदार जबाब घ्यायला आला तेव्हा मी तिथं होते. मामीनं त्यांच्यासाठी भाकरी दिली होती. साहेबांनी ठरावापासून सगळं सांगितलं. व्ह्यू, शेतकी अधिकारी, टँकर, काठ्या, सोनाबाई, कोयता, साखळी. स्वतःच्या फटक्यांसकट. फौजदारानं थोडंसंच लिहिलं आणि उजवा हात बांधलेला म्हणून डाव्याचा अंगठा द्या म्हणाला. साहेबांनी वाचून दाखवायला लावलं. त्यात गोविंद राठोड यानं कोयत्यानं हल्ला केला, एवढंच होतं.

"खरं हाय," साहेब म्हणाले. "त्यानंच मारलं. पर यात बापूसाहेब न्हाय. काठ्या न्हाईत. ती बाई न्हाय. तिला घाला, मग अंगठा घ्या."

फौजदार समजावून दमला. एमडी साहेब येऊन गेले, नोकरीचं काय होईल ते सुचवून गेले. साहेबांनी अंगठा दिला नाही. त्यांच्या जबाबाशिवाय गोविंदावरचा खटला लंगडाच राहिला; काही महिन्यांनी तो सुटून आला, तोही लंगडतच. बापूसाहेबाचं काय व्हायचं? त्याचा जबडा तारेनं शिवला आणि पुढच्या निवडणुकीत तो संचालक झाला.

साहेब कामावर परत आले ते डाव्या हातानं लिहायला शिकूनच. अक्षर पोरासारखं झालेलं. नवं मशीन आलं होतं, पुण्याहून टेप आणून टेबलं पुन्हा भरली. सगळ्यांत आधी त्यांनी गाव टेबलात तांड्यांच्या ओळी घातल्या. शेतकी अधिकाऱ्यानं या वेळी लगेच सही केली. मग साहेबांनी टेबलाचा कागद नव्यानं लिहिला, आणि त्या ओळींपुढं लिहिलं: या ओळी सोनाबाई राठोड टँकरखाली गेल्यावर आल्या. एमडी साहेबांनी ते वाक्य खोडायला सांगितलं. साहेबांनी कागद त्यांच्यापुढं सरकवला, तुम्ही खोडा आणि खाली सही करा म्हणाले. एमडी साहेब थोडा वेळ पेन धरून बसले आणि मग पेनाचं टोपण लावून उठले.

तांड्यावरच्या पहिल्या टँकरबरोबर साहेब स्वतः गेले, नव्या ड्रायव्हरशेजारी बसून. जायची काही गरज नव्हती. तांड्याच्या बायकांनी त्यांना ओळखलं आणि दगड मारले. एक दगड कपाळावर लागला, रक्त डोळ्यात उतरलं. ड्रायव्हर गाडी वळवायला लागला तर साहेबांनी त्याच्या हातावर चापट मारून चावी काढून घेतली. टाकी रिकामी होईपर्यंत ते आत बसून राहिले. बायका पाणी भरत होत्या आणि मधून मधून दगड मारत होत्या.

पावसाळा लागायच्या आत त्यांना काढून टाकलं. कारण लिहिलं होतं, चेअरमनच्या नातेवाइकावर हल्ला. साहेबांनी ते वाचलं आणि हे बरोबर आहे म्हणाले. कागदांचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. मला वाटलं काही सांगतील. ते म्हणाले, शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. कोण नाही ते सापडलं नाही, तर सापडलं नाही असं लिहा.

त्यानंतर ते मला एकदाच दिसले. माझं लग्न ठरलं होतं आणि आम्ही घरची सगळी माणसं रामलिंगाच्या दर्शनाला जाऊन आलो होतो. येडशीच्या स्टेशनवर लातूरकडे जाणारी नॅरोगेजची छोटी गाडी उभी होती. साहेब एका डब्यात चढत होते, पत्र्याची ट्रंक काखेत मारून. मी पळत खिडकीपाशी गेले. केस पांढरे झाले होते. लातूरला एका छापखान्यात काम बघतो म्हणाले. मी लग्नाचं सांगितलं. ते बरं म्हणाले आणि मुलगा काय करतो ते विचारलं. अजून काही बोलायचं होतं, पण शिट्टी झाली.

डबा भरलेला होता. साहेबांच्या मागं एक म्हातारी कांद्याचं गाठोडं घेऊन उभी होती, आणि तिच्यापुढं बाकावर एक धडधाकट माणूस आपली वळकटी शेजारी पसरून बसला होता. साहेबांनी त्याला वळकटी उचलायला सांगितलेलं मी ऐकलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. साहेबांनी पुन्हा सांगितलं. गाडी हलली.

मी फलाटावर उभी राहून बघत होते. डबा थोडा पुढं गेला तेव्हा खिडकीत साहेबांचा डावा हात वर गेलेला दिसला. मला वाटलं, निरोप देतायत. मीही हात वर केला, हलवला, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात इंजिनाच्या आवाजातूनही मला चापट ऐकू आली. वळकटी खाली पडली, म्हातारी बाकावर बसली, आणि गाडी डोंगराच्या कडेनं निघून गेली.